विश्लेषण : आतड्याचा कर्करोग नेमका कुठल्या पेशीत सुरू होतो?

शौचातून रक्त पडले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून अनेक जण महिनोन्‌महिने घरगुती उपाय करत राहतात. बहुतेकदा ती मूळव्याधच निघते. पण काहींच्या बाबतीत हीच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची खूण असते. या आजाराचे मूळ आतड्यातील मूलपेशींत, म्हणजे स्टेम सेलमध्ये आहे.

मूलपेशी काय करतात?

आतड्याच्या आतल्या अस्तराची झीज सतत होते. त्यातील बहुतेक पेशी साधारण चार-पाच दिवसांत गळून पडतात. अस्तरातील सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी बसलेल्या मूलपेशी त्यांच्या जागी नव्या पेशी तयार करतात. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये ‘एलजीआर-५’ या जनुकाच्या खुणेवरून या पेशी ओळखल्या.

बिघाड कुठे होतो?

‘एपीसी’ हे जनुक पेशींच्या वाढीला ब्रेक लावते. मोठ्या आतड्याच्या बहुतांश कर्करोगांत ते बिघडलेले आढळते. याच गटाने २००९ मध्ये उंदरांच्या मूलपेशींतून हे जनुक काढून टाकले, तेव्हा काही आठवड्यांतच गाठी वाढल्या. अल्पायुषी पेशींतून काढले, तेव्हा मात्र बहुतेक गाठी सूक्ष्म अवस्थेतच थांबल्या. कारण सरळ आहे : अल्पायुषी पेशी आपला बिघाड घेऊन गळून जाते, मूलपेशी जागेवरच राहते आणि तोच बिघाड पुढच्या पेशींना देते. आतड्याला दीर्घकाळ सूज असेल, तर प्रौढ पेशीही मूलपेशींसारख्या वागू शकतात, असेही नंतर दिसून आले.

रुग्णासाठी याचा अर्थ काय?

एका बिघाडाने कर्करोग होत नाही. आधी ‘पॉलिप’ म्हणजे छोटी गाठ येते. त्यातल्या काहींचाच कर्करोग होतो आणि त्याला अनेकदा दहा वर्षांच्या आसपास लागतात. या काळात कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला, तर तो तिथेच काढता येतो.

धाराशिवमध्ये चित्र काय?

राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०१२-१६ च्या अहवालात उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व बीड येथे सर्व कर्करोगांचे एकत्रित प्रमाण देशातील नोंदणी केंद्रांत सर्वांत कमी होते : लाखामागे पुरुषांत ३९.५, महिलांत ४९.४. मात्र नोंद होते ती निदान झालेल्यांचीच. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग येतो, आतड्याचा नाही. त्यामुळे लक्षणे स्वतःच ओळखावी लागतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

शौचातून रक्त, तीन आठवड्यांहून अधिक काळ बदललेली शौचाची सवय, कारण नसताना घटलेले वजन किंवा रक्तक्षय असेल, तर थांबू नका. घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर तेही सांगा. वाशीकरांसाठी बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय शेजारच्याच तालुक्यात आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणीही १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. मूळव्याधीचे निदान डॉक्टरांना करू द्या, स्वतः करू नका.