काच नवी, पण पक्की बसली का?

ओळखा पाहू मी कोण? मी सगळ्यांच्या पुढे असते, पण कुणालाच दिसत नाही. आणि ज्या दिवशी मी दिसायला लागते, त्या दिवशी माझं काहीतरी बिघडलेलं असतं!

नाही ओळखलंत? अहो, मोटारीची समोरची काच! स्वच्छ असली की आपण तिच्यातून आरपार बघतो, तिच्याकडे बघत नाही. पण घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एखादा खडा उडतो, 'टक्' असा आवाज होतो आणि काचेवर चांदणी उमटते. चार-आठ दिवसांत त्या चांदणीला पाय फुटतात. तडा काचभर धावतो. मग घरात ठरतं, "काच बदलायला हवी."

यात काय मोठंसं, असं तुम्हांला वाटेल. घराच्या खिडकीची काच फुटली तर जुनी काढायची, नवी बसवायची, झालं! पण मुलांनो, मोटारीच्या समोरच्या काचेचं तसं नसतं. ती नीट बसवली आहे की कशीतरी, हे नुसतं बघून कळत नाही. दोन्ही काचा सारख्याच चकचकीत दिसतात. फरक कळतो तो अपघाताच्या क्षणी, आणि तेव्हा काही सुधारायला वेळ नसतो. म्हणून हे काम कसं करतात ते तुम्हीही समजून घ्या. कारण गाडीत, शाळेच्या व्हॅनमध्ये त्या काचेमागे तुम्हीच तर बसलेले असता!

काचेची कामं किती?

वारा, धूळ, पाऊस अडवणं हे काचेचं काम तुम्हांला माहीतच आहे. पण आजकालच्या मोटारीत तिला आणखी तीन मोठी कामं असतात.

पहिलं काम, टपाला आधार देणं. गाडी उलटली तर टप आत दबू नये म्हणून खांबांच्या जोडीला ही काचही जोर लावते. दुसरं काम, आतल्या माणसाला बाहेर फेकलं जाऊ न देणं. अर्थात, हे पहिलं काम सीटबेल्टचं, बरं का! आणि तिसरं काम ऐकून तुम्ही चकित व्हाल. पुष्कळ गाड्यांत चालकाशेजारच्या माणसाची एअरबॅग उघडते ती आधी वर, काचेकडे. काचेचा टेकू घेऊन ती माणसाच्या बाजूला वळते. हे सगळं पापणी लवायच्या आत घडतं. आपल्याकडे २०२१ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही जागांसाठी एअरबॅग सक्तीची झाली आहे. आता विचार करा, काच जर नीट चिकटलेलीच नसेल, तर एअरबॅगच्या धक्क्यानं तीच बाहेर ढकलली जाईल. मग एअरबॅगनं टेकायचं कशाला?

फुटते, पण सांडत नाही

समोरची काच ही एक काच नसतेच मुळी! त्या असतात दोन काचा. प्रत्येक साधारण दोन मिलीमीटर जाडीची, आणि दोघींच्या मध्ये सुमारे पाऊण मिलीमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा. उष्णता आणि दाब देऊन हे तिन्ही थर एकजीव करतात. हिला म्हणतात लॅमिनेटेड काच.

या काचेच्या शोधाची गोष्ट मोठी गमतीची आहे. एदुआर बेनेदिक्तुस नावाचे एक फ्रेंच रसायनतज्ज्ञ होते. असं सांगतात, की १९०३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत उंचावरून एक काचेचं पात्र खाली पडलं. तुकडे वेचायला ते गेले, तर काय आश्चर्य! पात्राला तडे गेले होते, पण त्याचा आकार तसाच होता. त्यात पूर्वी ठेवलेलं द्रावण वाळून गेलं होतं आणि आतून एक पातळ पापुद्रा तयार झाला होता. त्या पापुद्र्यानं सगळे तुकडे धरून ठेवले होते. मोटार अपघातात काचा लागून माणसं जखमी होतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दोन काचांमध्ये पापुद्रा घालून पाहिला आणि १९०९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

हाच प्रयोग तुम्ही घरी करा, मात्र काचेवर मुळीच नाही! दोन पातळ बिस्किटं घ्या. एक तसंच मोडा. तुकडे पडतील, चुरा सांडेल. दुसऱ्याच्या एका बाजूला रुंद चिकटपट्टी घट्ट लावा आणि मग मोडा. मोडलं, पण तुकडे पट्टीला धरून राहिले की नाही? (पहिलं बिस्कीट खायला हरकत नाही!)

आमच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, दोन काचा कशाला? एकच चांगली जाड का नाही लावत?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पण काच कितीही जाड असली, तरी फुटल्यावर तिचे तुकडे धरणार कोण? धरतो तो मधला पडदा.

गाडीच्या बाजूच्या खिडक्यांना बहुधा वेगळी काच असते. ती सहाशे अंशांहून जास्त तापवून थंड हवेच्या झोतानं एकदम गार करतात. ती खूप कणखर होते, पण फुटली की खडीसाखरेसारखे बारीक बोथट खडे होऊन ढासळते. अशी काच समोर लावली आणि धावत्या गाडीत फुटली, तर चालकाला क्षणात काही दिसेनासं होईल. म्हणून आपल्या देशात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत समोरची काच लॅमिनेटेडच असावी असं ठरवलं आहे. तिच्यातून किमान सत्तर टक्के प्रकाश आत यायला हवा, असाही नियम आहे.

टवका की तडा?

प्रत्येक वेळी काच बदलावीच लागते असं नाही. लहानसा टवका उडाला असेल, तो कडेपासून दूर असेल, चालकाच्या नजरेसमोर नसेल आणि फक्त बाहेरच्याच काचेला लागला असेल, तर त्यात पारदर्शक राळ भरून तो बुजवता येतो. यासाठी ताबडतोब टवक्यावर स्वच्छ चिकटपट्टी लावून ठेवायची, म्हणजे आत धूळ-पाणी जात नाही. आणि उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही! गरम काचेच्या ग्लासात बर्फाचं पाणी ओतलं तर काय होतं? तेच इथं होतं.

पण तडा लांबला असेल, कडेपर्यंत गेला असेल, किंवा नजरेच्या रेषेत आला असेल, तर मात्र काच बदलणंच योग्य.

दोरीची करामत

आजी-आजोबांना ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी आठवत असेल, त्यांना विचारा. (ॲम्बॅसडर बनायची थांबली २०१४ मध्ये, आणि मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीनं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निरोप घेतला.) या गाड्यांची काच चिकटवलेली नसे, जाड रबराच्या खाचेत बसवलेली असे. मिस्त्री काचेभोवती रबर चढवायचा, रबराच्या दुसऱ्या खाचेत दोरी घालायचा आणि काच बाहेरून जागेवर टेकवायचा. मग एक जण बाहेरून काच दाबून धरी आणि दुसरा आत बसून दोरी हळूहळू ओढी. दोरी जसजशी निघे, तसतशी रबराची कड उलटून पत्र्यावर चढे. पायमोजा चढवावा तशी! आजही अनेक ट्रक आणि बसच्या काचा अशाच रबरात बसवतात. आताच्या मोटारींत मात्र काच थेट पत्र्याच्या चौकटीला चिकटवलेली असते, आणि सगळी मेख आहे ती या चिकटवण्यातच.

काम होतं कसं?

हे काम प्रशिक्षित माणसाचं आणि दोघांनी मिळून करायचं. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, गाडीतल्या सीटवर आच्छादन. आधी वायपर आणि कडेच्या पट्ट्या काढतात. मग जुना चिकट थर कापायचा. त्यासाठी बारीक पोलादी तार थरातून आरपार घालतात आणि एक आत, एक बाहेर असे दोघं ती मागेपुढे ओढतात. कुंभार चाकावरचं मडकं दोऱ्यानं कापून घेतो ना, अगदी तसं.

काच निघाली. आता चौकटीवर जुन्या थराची कड उरते. ती सगळी खरवडायची नाही बरं! एक-दोन मिलीमीटरचा सपाट थर मुद्दाम ठेवतात, कारण नवा थर त्याला छान धरतो. पत्र्यावर ओरखडा पडला असेल तर तिथे प्रायमर लावतात. गंज असेल तर आधी तो पूर्ण घालवायचा. गंजावर चिकटवलेली काच म्हणजे भुसभुशीत पोपड्यावर चिकटवलेलं पोस्टर! पोपडा सुटला की पोस्टरही आलंच.

नव्या काचेच्या कडेला एक काळा पट्टा आणि आतल्या बाजूला लहान होत जाणारे काळे ठिपके असतात. ती नक्षी नव्हे! हा पट्टा काचेवर भट्टीत पक्का केलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी चिकट थर खराब होऊ नये म्हणून तो सावली धरतो. ही कड स्वच्छ पुसून तिला प्रायमर लावतात. त्यानंतर तिथे उघडं बोटसुद्धा लावायचं नाही, कारण आपल्या हाताच्या तेलकटपणानं चिकटपणा कमी होतो.

मग पॉलियुरेथेन नावाच्या चिकट पदार्थाची एकसारखी, न तुटणारी धार चौकटीभर घालतात. केकवर क्रीमची धार सोडतात तशी. ती मध्येच तुटली की तिथून पाणी शिरलंच समजा. घरी सिंकच्या कडेला लावतात ते साधं सिलिकॉन इथे चालत नाही, त्याला एवढा भार पेलत नाही. दुधावर साय धरते तशी या धारेवरही थोड्या वेळात साय धरते. ती धरायच्या आत दोघं जण रबरी पेल्यांनी काच उचलून एकाच वेळी नेमकी जागेवर ठेवतात आणि हलू नये म्हणून वरून चिकटपट्ट्या लावतात.

आता थांबा!

इथेच पुष्कळांची चूक होते. काच बसलेली दिसली की आपण म्हणतो, "चला, द्या किल्ली!" पण तो थर अजून ओला असतो. आणि गंमत बघा, हा पदार्थ पाणी उडून जाऊन वाळत नाही, तर हवेतला ओलावा शोषून घट्ट होतो! म्हणून दमट हवेत तो लवकर आवळतो आणि कोरड्या थंडीत उशीर लावतो. गाडी किती वेळानं चालवायची ते त्या पदार्थाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. कुठे एक तास, तर कुठे पूर्ण दिवस. तो वेळ होण्याआधी गाडी रस्त्यावर काढली आणि अपघात झाला, तर मघाशी सांगितलेली तिन्ही कामं काच करू शकणार नाही.

पहिले एक-दोन दिवस आणखी काही पथ्यं पाळायची. एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि दारं आपटायची नाहीत. बंद गाडीचं दार आपटलं की आतली हवा काचेला बाहेर ढकलते. जोराच्या फवाऱ्यानं गाडी धुवायची नाही. चिकटपट्ट्या घाईनं काढायच्या नाहीत.

तुमचं काम

काच बदलणं हे मुलांचं काम नाही, आणि फुटकी काच हातानं चाचपणंही नाही. पण प्रश्न विचारणं नक्कीच तुमचं काम आहे. आई-बाबांबरोबर गॅरेजमध्ये गेलात तर नम्रपणे विचारा:

• काका, काच लॅमिनेटेड आहे ना? तिच्यावर आय.एस.आय.चं चिन्ह कुठे आहे?
• चिकटवायचा पदार्थ काचेसाठीचाच आहे ना? त्याची मुदत संपलेली नाही ना?
• चौकटीला गंज होता का?
• गाडी किती वाजता चालवली तर चालेल?

आणि पालकांनो, दोन गोष्टी तुमच्यासाठी. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढताना निकामी होतो, म्हणून बँकेकडून नवा मागवून घ्या. शिवाय, तुमच्या गाडीच्या आरशामागे रस्त्याकडे पाहणारा कॅमेरा असेल, तर काच बदलल्यावर त्याची नजर पुन्हा जुळवून घ्यावी लागते. तो किंचित जरी तिरका राहिला, तरी गाडीला रस्ता चुकीचा दिसेल. तासाभराची घाई आणि थोडे पैसे वाचवण्यासाठी यातली एकही गोष्ट गाळू नका. संध्याकाळी मुलांना रिक्षानं आणावं लागलं तरी चालेल.

उद्या शाळेच्या व्हॅनमध्ये चढण्याआधी समोरची काच जरा बघा. कोपऱ्यातला शिक्का वाचा, काळे ठिपके शोधा. कुठे टवका किंवा तडा दिसला, तर व्हॅनवाल्या काकांना आणि घरी आईबाबांना त्याच दिवशी सांगा.