घरचा पियानो आणि रॉक गीताचें ध्वनिमुद्रण

‘पियानो’ हें नांव खरें पाहतां अर्धेंच आहे. इ. स. १७०० च्या सुमारास इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें हें वाद्य सिद्ध केलें, तेव्हां तें हळू व मोठ्यानें अशा दोन्ही तऱ्हांनीं वाजतें हाच त्याचा विशेष मानला गेला. ‘पियानो’ म्हणजे हळू व ‘फोर्ते’ म्हणजे मोठ्यानें; पुढें लोकांच्या तोंडीं पहिला शब्द तेवढा उरला. त्यापूर्वींच्या हार्पसिकॉर्डांत तार खुडली जाई, त्यामुळें बोटाच्या जोराचा नादावर फारसा परिणाम होत नसे. पियानोंत हातोडी तारेवर पडते, आणि पट्टी जितक्या जोरानें दाबावी तितका नाद वाढतो. घरीं पियानोवर रॉक गीत वाजवून तें मुद्रित करूं पाहणारानें सांभाळावयाचें तें हेंच. आणि हरवतें तेंही बहुधा हेंच.

रॉक संगीत व पियानो यांचें नातें महाराष्ट्राला अगदींच परकें नाहीं. ‘क्वीन’ या इंग्रजी वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारोख बलसारा, हा पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. शाळासोबत्यांच्या ‘द हेक्टिक्स’ या मंडळींत तो पियानो वाजवीत असे. १९७५ मध्यें निघालेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गीतांतील पियानोही त्याचाच. तें गीत चोवीस पदरी फितीवर मुद्रित झालें, आणि मोजक्या गायकांचे आवाज एकावर एक चढवून त्यांतील समूहगान उभें केलें गेलें. घरच्या वादकापाशीं हा सरंजाम नसतो. गायक, गिटार, बास व ड्रम या सर्वांचें काम त्याच्या दोन हातांवर येऊन पडतें.

त्यांतही एक मूळचा विरोध आहे. रॉकमधील विजेच्या गिटारचा सूर मुद्दाम फाडलेला असतो व छेडल्यावर बराच वेळ एकाच जोरानें टिकतो. पियानोचा सूर हातोडी पडतांच ओसरूं लागतो. म्हणून वादक तेच स्वरसमूह पुनःपुन्हां वाजवितो, डाव्या हातानें खालचें सप्तक दुहेरी धरतो, पेडल दाबून ठेवतो. आणि या गर्दींत गायकाची चाल बुडून जाते. चाल वरच्या सप्तकांत नेऊन तिच्याभोंवतीं जागा मोकळी ठेवणें हाच यावर उपाय. ही जागा वाजवितांनाच ठेवावी लागते, कारण दोन मायक्रोफोनांनीं एकत्र टिपलेले दोन्ही हात मागाहून निराळे करणें कठीण.

टिटवाळ्यासारख्या गांवीं आणखी एक अडचण आहे. मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील हें स्थानक. लोकल येथें थांबतात, आणि नाशिककडील लांब पल्ल्याच्या गाड्या धडधडत निघून जातात. चतुर्थीस, विशेषतः अंगारकीस, महागणपतीच्या दर्शनासाठीं रस्ते माणसांनीं भरतात. पावसाळ्यांत पत्र्यावर सरी कोसळतात, आणि उन्हाळ्यांत पंखा बंद करून वाजविणें ही तपश्चर्याच होय. गीताची हळुवार सुरुवात या गलबल्याखालीं बुडते. मग वादक नकळत सर्वच जोरानें वाजवूं लागतो, आणि वाद्याच्या नांवांतला उरलेला शब्दही गळून पडतो. गाडीची घरघर गाळून काढावी, तर पियानोचा सर्वांत खालचा सूर सेकंदास २७.५ कंपनांचा आहे. त्याखालचें खुशाल कापावें. परंतु घरघरीचा मोठा भाग त्याच्या वरच असतो, व तो कापला तर डावा हात पोकळ होतो.

खोलीही आपला सूर मिसळते. ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. या हिशेबानें दहा फूट लांबीच्या खोलींत सुमारें ५६ कंपनांचा सूर भिंतीभिंतींत अडकून घुमतो. पियानोवरील डावीकडून दुसरा ‘ए’ ५५ कंपनांचा. तेवढाच सूर अकारण गर्जूं लागतो. खोली चौरस असल्यास दोष दुणावतो. पुस्तकांनीं भरलेलें कपाट, गाद्या व जाड पडदे यांनीं वरच्या सुरांचा खणखणाट कमी होतो. हा खालचा घुमारा मात्र सहजासहजीं हटत नाहीं. वाद्य कोपऱ्यांतून ओढून पुढें घ्यावें, मायक्रोफोन हातभर हलवून पुन्हां ऐकावें.

म्हणूनच अशा घरांत इलेक्ट्रॉनिक पियानो केबलनें थेट संगणकास जोडणें शहाणपणाचें. तेथें गाडीही नाहीं व खोलीही नाहीं. शिवाय ‘मिडी’ पद्धतीनें मुद्रण केल्यास प्रत्येक पट्टी किती वेगानें दाबली हें १ ते १२७ अंकांत नोंदलें जातें, आणि एखादाच चुकार सूर मागाहून हळू करतां येतो. मोह असा कीं, सगळेच अंक सारखे करावे. तसें केलें कीं क्रिस्तोफोरीपूर्वींचा हार्पसिकॉर्ड परत आलाच.

मिश्रणांतील कॉम्प्रेसर नांवाचें साधन हाच मोह निराळ्या वाटेनें घालतें. तें मोठ्या आवाजास दाबतें, मग सर्वच वर उचलतां येतें. थोडें वापरावें. फार उचललें तरी लाभ नाहीं, कारण स्पॉटिफायसारख्या सेवा जोरकस मुद्रण आपणहून खालीं आणतात. केबलनें आलेल्या कोरड्या नादाला थोडा कृत्रिम निनाद द्यावा. पण पेडल आधींच सढळ असेल तर सूर चिखलांत रुतल्यासारखे होतात.

शेवटीं डावी व उजवी बाजू एकत्र करून मोबाइलच्या एकाच लहान स्पीकरवर ऐकावें. दोन मायक्रोफोनांपर्यंत नाद निरनिराळ्या वेळीं पोंचला असेल, तर एकत्र येतांच कांहीं सूर परस्परांस खोडतात व चाल पातळ होते. त्या वेळीं गुंड्या फिरवीत बसूं नये. मायक्रोफोन हलवून, गाडी गेल्यावर, पुन्हां वाजवावें.