दुव्यांची पत

इंटरनेटवर एखादी माहिती हवी असली कीं आपण शोधयंत्राच्या चौकटींत दोन शब्द लिहितों आणि क्षणार्धांत उत्तरांची यादी समोर येते. बहुतेक जण त्या यादींतील पहिल्या चार-पांच नांवांपलीकडे जात नाहींत. म्हणून तेथें वरचें स्थान कोणाला मिळावें, हा प्रश्न केवळ दुकानदारांचा राहत नाहीं. घरांतील आजारी माणसासाठीं औषधाची माहिती पाहणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांचाहि तो आहे. हें स्थान ठरवितांना ज्या गोष्टी पाहिल्या जातात, त्यांपैकीं एका महत्त्वाच्या गोष्टीचा आज विचार करूं. ती म्हणजे दुवा, ज्याला व्यवहारांत लिंक म्हणतात.

एका पानावरील कांहीं शब्दांवर बोट ठेवलें असतां दुसरें पान उघडतें. त्या जोडणीला दुवा म्हणावयाचें. आपल्या पानावरून बाहेर जाणारे दुवे आपल्या हातांत असतात. परंतु दुसऱ्यांच्या पानांवरून आपल्याकडे येणारे दुवे दुसऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असतात, आणि म्हणूनच त्यांना मोल आहे. मनुष्य स्वतःची स्तुति हवी तेवढी करूं शकतो. शेजाऱ्यानें आपण होऊन काढलेल्या चांगल्या शब्दाचें वजन वेगळें.

या कल्पनेची पूर्वपीठिका ग्रंथालयांत सांपडते. कोणत्या शास्त्रीय निबंधाचा उल्लेख पुढें कोणीं कोणीं केला, याची सूची करावी असें युजीन गारफील्ड या अमेरिकन विद्वानानें १९५५ सालीं सुचविलें, आणि १९६० नंतरच्या दशकांत तशी सूची प्रसिद्ध होऊं लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं तेंच तत्त्व इंटरनेटवरील पानांना लाविलें. त्यांच्या पद्धतीला पेजरँक हें नांव मिळालें, आणि १९९८ सालीं स्थापन झालेल्या गुगल कंपनीचा पाया तिच्यावर घातला गेला.

हा हिशेब समजण्यास कठीण नाहीं. समजा, एका पानाची पत २४ आहे. त्यानें तीन पानांकडे दुवे दिले, तर प्रत्येकाच्या वांट्याला ८ येतात. चोवीस पानांकडे दिले, तर एकेकच येतो. मागेल त्याला चारित्र्याचा दाखला देणाऱ्या मुख्याध्यापकाच्या सहीला किंमत राहत नाहीं, तसेंच हें. शिवाय देणाऱ्याची पत तरी कोठून आली? तीहि इतरांनीं त्याच्याकडे दिलेल्या दुव्यांतून. म्हणून आंकडे स्थिर होईपर्यंत यंत्र हा हिशेब पुनःपुन्हां करतें. मूळ पद्धतींत आणखी कांहीं बारकावे आहेत, आणि आज तर दुव्यांखेरीज इतर अनेक गोष्टींचाहि विचार होतो. पण गाभा हाच.

दाखल्याला किंमत आली कीं खोटे दाखले विकणारेहि निघतात. अमेरिकेंतील जे. सी. पेनी ही मोठी दुकानदार कंपनी २०१० च्या नाताळच्या हंगामांत कपडे, गालिचे अशा साध्या शब्दांच्या शोधांतहि गुगलवर अग्रस्थानीं दिसत असे. फेब्रुवारी २०११ मध्यें न्यूयॉर्क टाइम्स या पत्रानें तपास केला, तेव्हां कपड्यांशीं कांहींहि संबंध नसलेल्या असंख्य पानांवर तिच्याकडे नेणारे दुवे पेरलेले आढळले. हें आपल्या संमतीनें झालें नाहीं असें कंपनीनें सांगितलें व या कामाच्या सल्लागारांना रजा दिली. गुगलनें मात्र शिक्षा केली. प्रवासी बॅगांच्या एका शोधांत सायंकाळीं सात वाजतां पहिलें असलेलें तिचें पान दोन तासांनीं ७१ व्या क्रमांकावर गेलें. पुढें एप्रिल २०१२ मध्यें गुगलनें पेंग्विन नांवाची सुधारणा आणून अशा बनावट दुव्यांविरुद्ध सर्वत्र योजना केली. पैसे घेऊन दुवा देणें हा जाहिरातीचा प्रकार आहे व तो निषिद्ध नाहीं. पण तो विकत घेतलेला आहे अशी खूण त्यावर असावी लागते, आणि मग पतीच्या हिशेबांत त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं.

तर मग खरे दुवे मिळवावे कसे? प्रथम आपल्यापाशीं दुसऱ्यास उपयोगी पडेल असें कांहीं असलें पाहिजे. समजा, दापोलीकडील एका घरांत आजोबांनीं तीस वर्षें रोजचा पाऊस मोजून वहींत टिपून ठेवला आहे. ती वही तारीखवार आंकड्यांनिशीं प्रसिद्ध केली, तर बागाईतदार, विद्यार्थी, वार्ताहर अशा अनेकांना तिचा आधार घ्यावासा वाटेल. परंतु ती तेथें आहे हें त्यांना कळलें पाहिजे. यासाठीं ज्यांचें त्या विषयाशीं नातें आहे अशा मोजक्याच लोकांना स्वतंत्र पत्रें लिहावींत. एकाच मजकुराचीं शंभर पत्रें केराच्या टोपलींत जातात. कोणाच्या पानावर बंद पडलेला दुवा दिसला आणि तीच माहिती आपल्यापाशीं असली, तर तसें नम्रपणें कळवावें. त्यांत दोघांचाहि लाभ आहे. आपल्या पानाचा पत्ता वरचेवर बदलूं नये, आणि बदलणें भाग पडलें तर जुन्या पत्त्यावर येणारा वाचक आपोआप नव्यावर पोंचेल अशी व्यवस्था करावी. नाहीं तर मिळालेले दुवे फुकट जातात. दुव्याचे शब्दहि बोलके असावेत. ‘येथें पाहा’ यापेक्षां ‘दापोलीच्या पावसाची नोंद’ या शब्दांवरून वाचकाला आणि यंत्राला विषय कळतो. मात्र सर्वांनीं हेच शब्द वापरावेत असा आग्रह धरल्यास त्यांत बनावटपणाचा वास येतो.

या मार्गानें वर्षभरांत दहा-बाराच दुवे मिळतील. पण जिल्ह्यांतील कृषि-महाविद्यालयानें दिलेला एक दुवा अनोळखी पानांवरील हजार दुव्यांहून अधिक मोलाचा आहे. उलट पक्षीं, शाळा, रुग्णालयें, वृत्तपत्रें यांच्या शब्दाला पत असल्यामुळें त्यांची जबाबदारीहि मोठी. त्यांनीं पैशासाठीं एखाद्या भोंदू औषधाकडे दुवा दिला, तर तें औषध यादींत वर चढतें आणि एखाद्या घाबरलेल्या घराला तेंच प्रथम दिसतें. ही जबाबदारी थोड्याफार प्रमाणांत आपल्या प्रत्येकावर आहे. यास्तव दुसऱ्याच्या पानाकडे दुवा देण्यापूर्वीं तें पान स्वतः शेवटपर्यंत वाचावें, आणि तें खरें वाटलें तरच द्यावा.