गाठ एकाच्या गळ्यात, तपासणी साऱ्या घराची

जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधल्या एका अठरा वर्षांच्या मुलीची हकिगत डॉ. फेलिक्स फ्रेंकेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केली. मध्येच छातीत धडधड व्हायची, डोकं ठणकायचं, घाम फुटायचा. ती वाचली नाही. शवविच्छेदनात दोन्ही ॲड्रिनल ग्रंथींत गाठी निघाल्या. पुढे २००७ मध्ये संशोधकांनी तिच्या कुळातल्या हयात नातलगांचं रक्त तपासलं, तेव्हा ‘रेट’ या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरत आल्याचं दिसलं.

याच दोषातून थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोगही होतो. थायरॉइडच्या शंभर कर्करोगांत तो फार तर पाच. त्याचा उगम थायरॉइडमधल्या सी-पेशींत. या पेशी आयोडीन शोषत नाहीत, त्यामुळे इतर थायरॉइड कर्करोगांवर चालणारं किरणोत्सारी आयोडीन इथे निरुपयोगी ठरतं. मात्र त्या कॅल्सिटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडतात, आणि तिथेच हा आजार पकडता येतो. गळ्यातल्या गाठीतून सुईने काढलेल्या नमुन्यावरून शंका आली, की रक्तातलं कॅल्सिटोनिन मोजायलाच हवं. काही रुग्णांना सतत जुलाब होतात; उपचार महिनोन्‌महिने पोटाचेच चालतात आणि गळ्याकडे कुणी पाहत नाही.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेआधी ॲड्रिनलची तपासणी टाळणं जिवावर बेतू शकतं. तिथे लपलेली गाठ असेल, तर भूल दिल्यावर रक्तदाब एकदम भडकतो. म्हणून आधी ती गाठ काढायची, मग गळ्याची शस्त्रक्रिया.

साधारण चारांतल्या एका रुग्णात हा आजार आनुवंशिक असतो. पण घरात आधी कुणाला नव्हता, एवढ्यावरून तो आनुवंशिक नाही असं ठरवता येत नाही. म्हणून मेड्युलरीचं निदान झालेल्या प्रत्येकाचीच ‘रेट’ चाचणी व्हायला हवी. दोष सापडला, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. दोषाच्या एका प्रकारात पाच वर्षांच्या आत, तर सर्वांत घातक प्रकारात पहिल्या वर्षातच बाळाची थायरॉइड काढण्याचा सल्ला दिला जातो. धडधाकट लेकराच्या गळ्यावर सुरी चालवायला होकार देणं आईबापांना किती जड जात असेल! पुढे रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, जन्मभर. पण कर्करोगाने मूळ धरण्याआधीच त्याची जागा काढून टाकलेली असते.

आजार पसरलेल्यांसाठी २०२० पासून सेल्पर्कॅटिनिब हे नेमकं ‘रेट’वर काम करणारं औषध आहे. ते अनेकांच्या गाठी आक्रसवतं. मात्र ते द्यायचं की नाही, हेही जनुकाच्या अहवालावरूनच ठरतं.