रातकिडे गेले, अळी आली

अमेरिकेत पाळीव सरड्यासाठी खाऊ मागितला की दुकानदार आता काळ्या सोल्जर माशीच्या अळ्यांचा डबा पुढे करतो. अंगातच भरपूर कॅल्शियम, देखभाल जवळजवळ शून्य. रेशीमअळी हवी असेल तर बहुतेक ठिकाणी ती मागवावी लागते. पंधरा वर्षांपूर्वी तिचा रुबाब काही औरच होता.

नव्वदचं दशक रातकिड्यांचं. रात्रभर किरकिर, डब्याला कुबट वास आणि उरलासुरला किडा झोपलेल्या सरड्यालाच चावायचा.

2002 मध्ये युरोपातल्या रातकिडा-फार्मांत डेन्सोव्हायरस पसरला. 2009-10 च्या सुमारास तो अमेरिकेत पोचला आणि फार्मच्या फार्म ओस पडले. बिअर्डेड ड्रॅगन आणि शॅमेलिऑन पाळणारे मग इतर किड्यांकडे वळले. त्यांतल्या हौशींना रेशीमअळी भावली. ती उडी मारत नाही, चावत नाही, ओरडत नाही. मऊ असते आणि अंगात चरबी कमी.

तुतीचं झाड दारात नसलं तरी अडत नसे. जपानी संशोधकांनी 1960 च्या सुमारास अळीसाठी कृत्रिम खाद्य तयार केलं होतं. तुतीच्या पानांची पूड आणि सोयाबीन पाण्यात कालवून शिजवायचं, गार झालं की वडी पडते. ती किसणीने अळ्यांवर किसायची. अंडी फ्रिजच्या दारात, लोण्याशेजारी. तीन मिलिमीटरची काळी अळी महिन्याभरात बोटाएवढी होई. मात्र झाकणाला दव धरलं की सकाळी डब्यात काळा चिखल. ओल म्हणजे रोग, हे जालना-बीडच्या रेशीम उत्पादकाला कोणी शिकवावं लागत नाही. अमेरिकेतले हौशी मात्र ते डबेच्या डबे फेकून शिकले.

आणि ती जाहिरात! अळीत म्हणे सेरापेप्टेज असतं, पतंग त्यानेच कोष विरघळवतो, म्हणून सरड्यालाही कॅल्शियम चांगलं पचतं. वास्तविक ते एन्झाइम अळीच्या आतड्यात सापडलेल्या जिवाणूचं. कोष फोडायला पतंगाचं स्वतःचं वेगळं एन्झाइम असतं. कॅल्शियमची पूड तर अळीवर तेव्हाही भुरभुरावीच लागे.

सरड्याच्या तावडीतून सुटलेली एखादी अळी अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यात कोष विणून बसे. पंधरवड्याने पांढरा, उडता न येणारा पतंग बाहेर येई. जोडी जमली तर ट्रेवर शेकडो पिवळी अंडी. ती राखाडी झाली की पुन्हा लोण्याशेजारी जात.