गाभ्याची बांधणी आणि तपासणीच्या सोयी



गिरणीत बॉयलर बसवतात तेव्हा त्याच्या अंगावर दाबाचा काटा, पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी आणि जादा वाफ सोडणारी झडप ही साधने आधीच बसवलेली असतात. बॉयलर पेटल्यावर, आत वाफ कोंडलेली असताना, ‘आता काट्यासाठी एक भोक पाडून घेऊ’ असे कोणी म्हणत नाही. आत काय चालले आहे हे कळण्याची सोय बांधतानाच करावी लागते. संगणकाच्या बाबतीतही हे बरेचसे असेच आहे, आणि तेच आम्ही आज सांगणार आहोत. आम्ही इंजिनियर नव्हे. कामगारांच्या कामी लागले तेवढे पुस्तके चाळून आणि जाणत्यांना विचारून शिकलो आहोत. तेव्हा भाषा सभेची राहील, कॉलेजाची असणार नाही.

संगणकात एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालतात. त्या सर्वांना स्मृतीतील जागा वाटून देणारा, प्रोसेसरचा वेळ पाळीपाळीने देणारा, पडदा, कळफलक, तबकडी यांच्याशी सर्वांच्या वतीने बोलणारा जो मुकादम आत बसलेला असतो त्याला कर्नल, म्हणजे गाभा, म्हणतात. साधा प्रोग्रॅम चुकला तर गाभा त्याला पकडतो आणि बाहेर काढतो. शेजारच्या प्रोग्रॅमना सहसा त्याची झळ लागत नाही. पण गाभाच चुकला तर त्याला पकडणारा त्याच्यावर कोणी नाही. सारे प्रकरण येथून सुरू होते.

उदाहरण म्हणून आम्ही लिनक्सचा गाभा घेतो. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला. आज तुमच्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा मोबाइल आहे त्यांच्या खिशात हाच गाभा आहे. त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, आणि तो अडीच कोटी ओळींच्या पुढे केव्हाच गेला. हा मजकूर कंपायलरमधून काढून यंत्राला समजेल असे रूप देणे म्हणजे गाभ्याची बांधणी.

बांधणीपूर्वी बांधणाऱ्याला प्रश्न विचारले जातात. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ अशी आज्ञा दिली की पडद्यावर याद्यांमागून याद्या उघडतात. सर्व मिळून दहा हजारांहून अधिक प्रश्न आहेत. अर्थात एका यंत्राच्या वाट्याला त्यांतले थोडेच येतात. उत्तरे बहुधा तीनच: होय, नाही, किंवा हवा तेव्हा जोडायचा सुटा भाग. दिलेली सर्व उत्तरे ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या फाइलीत उतरतात आणि कंपायलर तीनुसार काही ओळी आत घेतो, काही बाहेर ठेवतो. बाहेर राहिलेली ओळ बांधलेल्या गाभ्यात नसतेच. यादीच्या अगदी तळाशी ‘कर्नल हॅकिंग’ असे एक दालन आहे. नाव ऐकून दचकू नये, तेथे दरोड्याची शिकवणी नाही. दोष शोधण्याच्या सोयींचे ते दालन आहे. त्यातला ‘डिबग कर्नल’ हा प्रश्न म्हणजे दाराची कडी. तिला होय म्हटले की आतले पुष्कळसे प्रश्न दिसू लागतात.

गाभ्याला ठेच लागली की तो एक निवेदन लिहितो. त्याला त्या लोकांनी ‘ऊप्स’ असे गमतीचे नाव ठेवले आहे. कोणत्या ठिकाणी ठेच लागली आणि तेथवर कोणत्या वाटेने आलो, हे त्यात असते. पण गाभा जागा ओळखतो ती आकड्यांनी. ‘कॉलसिम्स’ या प्रश्नाला होय म्हटले असेल तर आकड्यांऐवजी फंक्शनांची नावे छापली जातात. नसेल तर हाती येतो तो आकड्यांचा ढीग. पत्त्यावर गल्लीचे नाव नाही, फक्त सर्व्हे नंबर! यापुढची पायरी ‘डिबग इन्फो’. तिने मूळ मजकुराच्या नेमक्या ओळीपर्यंत पोचता येते. तिच्यामुळे बांधणीला वेळ लागतो आणि तबकडीवर पुष्कळ जागा जाते, परंतु गाभा चालताना मंद होत नाही, कारण ही माहिती वेगळी काढून कपाटात ठेवता येते. जागेच्या काटकसरीसाठी हिला नाही म्हणणे आम्हाला तरी पटत नाही.

सर्व सोयी इतक्या स्वस्त नाहीत. ‘के-एसॅन’ नावाची एक आहे. ती २०१५ साली, ४.० या आवृत्तीत मुख्य गाभ्यात आली. तिचे काम समजायला चाळीचे उदाहरण पुरे. भाडेकरू खोली सोडून गेला, पण किल्ली त्याने ठेवून घेतली. खोली दुसऱ्याला दिली गेली, आणि पहिला एके दिवशी जुन्या सवयीने कुलूप उघडून आत शिरला व आपले सामान मांडू लागला. गाभ्यात असे नेहमी घडते: स्मृतीची जागा परत केली, पण तिचा पत्ता कोठेतरी शिल्लक राहिला, आणि कोणीतरी त्या पत्त्यावर लिहिले. याचे वाईट असे की नुकसान एका जागी होते आणि बोंब तिसऱ्याच जागी, कदाचित तासाभराने उठते. के-एसॅन स्मृतीच्या दर ८ बाइटांमागे १ बाइट आपल्या वहीसाठी घेते, त्यात कोणती जागा वापरण्याजोगी आहे ते लिहून ठेवते, आणि प्रत्येक वाचण्या-लिहिण्याच्या आधी वही पाहते. सोडलेली खोलीही काही काळ कोणाला देत नाही, म्हणजे जुनी किल्ली फिरली की चोर जागच्या जागी सापडतो. किंमत? स्मृतीचा आठवा हिस्सा, आणि काम दुपटी-तिपटीने मंद. कारखान्याच्या चाचणीत हे चालते, चालत्या रस्त्यावर सहसा नाही.

याची धाकटी बहीण ‘केमेमलीक’, २००९ ची. खोली घेतली आणि तिची भाडेपावतीच कोणाजवळ उरली नाही, अशा खोल्या ती हुडकते. ती मूळ ठरावाप्रमाणे दर १० मिनिटांनी स्मृती तपासते. कधी कधी निरपराध खोलीवरही बोट ठेवते, हे ध्यानात ठेवावे.

आम्हाला सर्वांत आवडलेली सोय मात्र ‘लॉकडेप’. ती इंगो मोल्नार यांनी लिहिली आणि २००६ साली गाभ्यात आली. समजा, माल काढायला दोन किल्ल्या लागतात, एक गोदामाची, एक वहीच्या कपाटाची. गणपत आधी गोदामाची उचलतो, मग कपाटाची. दगडू आधी कपाटाची, मग गोदामाची. महिनोन्‌महिने काही बिघडत नाही. एके दिवशी दोघे एकाच क्षणी येतात, एकेक किल्ली हाती घेतात, आणि दुसरीची वाट पाहत जन्मभर उभे राहतात. गाभ्यात अशी कुलपे असंख्य. लॉकडेप हा क्षण येण्याची वाट पाहत नाही. कोण कोणत्या क्रमाने कुलपे घेतो तेवढे ती टिपून ठेवते. एकदा हा क्रम आणि एकदा तो क्रम, वेगवेगळ्या वेळी का होईना, दिसला की ती सांगते, येथे एक दिवस गाडी अडणार आहे. अपघात होण्यापूर्वी अपघाताचा रिपोर्ट! ‘प्रूव्ह लॉकिंग’ या प्रश्नाला होय म्हटल्यास ती मिळते. तीही कामाचा वेग खाते, म्हणून तिचेही स्थान चाचणीतच.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे. तपासनीस यायचा असला की खात्यात सारेच जपून वागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. गाभ्याचेही असे होते. तपासणीने वेग मंदावतो, दोन कामांची गाठ पडण्याची वेळ बदलते, आणि जो दोष रोज दिसत होता तो तपासणी चालू करताच दिसेनासा होतो. म्हणून सगळ्याच प्रश्नांना होय म्हणून मोकळे होणे हा शहाणपणा नव्हे.

यावर गाभ्याच्या लेखकांनी मधली वाट काढली आहे, आणि ती फार चतुर आहे. ‘एफट्रेस’ घ्या, २००८ ची. बांधतानाच बहुतेक प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक छोटी जागा राखून ठेवतात. एरवी तेथे ‘काही करू नको’ एवढीच आज्ञा असते, तिचा भार नगण्य. हवे तेव्हा, यंत्र चालू असताना, तीच जागा बदलून तेथे टिपणकार बसवता येतो आणि काम झाल्यावर उठवता येतो. ‘डायनॅमिक डिबग’ असेच. लेखकांनी जागोजागी लिहून ठेवलेली निवेदने मुकी ठेवून, पाहिजे तेवढीच बोलती करता येतात. आणखी एक, ‘के-फेन्स’, २०२१ ची. ती सर्व खोल्यांवर पहारा देत नाही. अधूनमधून एखादी खोली निवडून तिच्याभोवती कुंपण घालते. एका यंत्रावर ती वर्षभरात काही पकडणार नाही कदाचित, पण हजारो यंत्रांवर चालली तर पकडते, आणि वेगाला जवळजवळ धक्का नाही. नळ बंद ठेवता येतो, पण पाइप मात्र बांधकामाच्या वेळीच घातलेला हवा.

आता गाभा पडला वा थिजला तर पुढे काय, हेही त्याच दालनात आणि त्याच्या आसपास ठरते. आमच्या परिचयाच्या एका कारखान्यात हजेरीचे यंत्र रात्रपाळीत कधी कधी थिजत असे. बोट ठेवले तरी नोंद होत नसे. सकाळी कोणीतरी ते बंद करून पुन्हा सुरू करी आणि यंत्र शहाण्यासारखे वागू लागे. ज्यांची नोंद झाली नाही त्यांचा खाडा लागला. यंत्र थिजले होते याला पुरावा काय, असे विचारले गेले. पुरावा नव्हता. यंत्र लिनक्सवर चालणारे आहे हे त्याच्या माहितीपत्रकातच छापले होते, म्हणून आम्ही हा विषय शिकायला बसलो. शिकल्यावर कळले की अशा वेळी काय करावे हे बांधतानाच सांगून ठेवता येते. एखादे काम अडून १२० सेकंद जागचे हलले नाही तर नोंद करणारा पहारेकरी बसवता येतो. त्याने नोंद केल्यावर गाभ्याने थांबावे, असे सांगता येते. थांबण्यापूर्वी शेवटचे निवेदन ‘पीस्टोअर’मध्ये, म्हणजे पुन्हा सुरू केल्यावरही टिकणाऱ्या जागेत, लिहून ठेवण्याची सोय आहे. आणि अमुक सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू व्हावे, असा आकडाही देता येतो. ही साखळी जोडलेली असती तर त्या पाळीच्या लोकांना निदान कागद दाखवता आला असता.

ठेच लागल्यावर थांबावे की चालत राहावे, हा स्वतंत्र प्रश्न आहे. त्याला ‘पॅनिक ऑन ऊप्स’ म्हणतात. नाही म्हटले तर बहुधा ठेच लागली त्या वेळी चालू असलेले काम मारून गाभा पुढे चालतो. पण मेलेल्याच्या हातातली कुलपे तशीच अडकलेली असू शकतात. आमचे मत असे की जेथे पैशाचा किंवा मजुरीचा हिशेब आहे तेथे थांबलेले बरे. घरच्या संगणकावर पत्र अर्धे लिहून झाले असेल तर ते वाचवण्यापुरते लंगडत चाललेले बरे.

या सर्व सोयींविषयी खुद्द टोरवाल्ड्स यांचे मत एकेकाळी बरेच कडक होते. गाभा चालता चालता थांबवून आत डोकावण्याचे साधन मुख्य मजकुरात घ्यावे की नाही, यावर २००० साली वाद झाला तेव्हा त्यांनी विरोध केला. अशी साधने हाताशी असली की माणूस विचार न करता लक्षणांवर मलम लावतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यात तथ्य नाही असे नाही. तरीही २००८ साली ‘के-जीडीबी’ हे तसले साधन गाभ्यात आलेच. गाभा लिहिणाऱ्याला विचार करायला सवड असते. रात्री तीन वाजता यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला ती नसते, असे आम्हाला वाटते.

मात्र खिडकी आपल्याला दिसावी म्हणून ठेवली तर तीतून चोरालाही दिसते. गाभ्यातले पत्ते बाहेर कळले की हल्लेखोराचे काम सोपे होते. म्हणून ते सामान्य वापरणाऱ्यापासून झाकण्याची सोय आहे, आणि २०१९ पासून ‘लॉकडाऊन’ नावाची आहे, जी धोक्याच्या खिडक्या मालकालाही बंद करते. के-जीडीबी चालत्या यंत्रात उघडे ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारात टांगणे होय.

आपल्या यंत्राच्या बांधणीत कोणती उत्तरे दिली होती, हे पाहता येते का? पुष्कळदा येते. घरच्या वा कचेरीतल्या लिनक्स संगणकावर ‘बूट’ या कप्प्यात ‘कॉन्फिग’ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल बहुधा असते, साध्या मजकुराची, कोणालाही वाचता येण्याजोगी. शिवाय उत्तरांची प्रत गाभ्याच्याच पोटात ठेवण्याचाही एक प्रश्न यादीत आहे. त्याला होय म्हटले असेल तर चालत्या यंत्रातून ‘प्रॉक’ कप्प्यात ती वाचता येते. हजेरीच्या यंत्रासारख्या बंद डब्यात दोन्ही नसण्याचा संभव जास्त. पण लिनक्सचा गाभा ज्या परवान्याखाली वाटला जातो त्यात, यंत्रासोबत गाभा देणाऱ्याने मूळ मजकूर आणि बांधणी नियंत्रित करणाऱ्या लिपी घेणाऱ्याला उपलब्ध करून द्याव्यात असे लिहिले आहे. घेणारा म्हणजे कारखाना. तेव्हा मागणीचा अर्ज व्यवस्थापनाने पुरवठादाराकडे करायचा आणि आपण व्यवस्थापनाकडे. अर्जात ‘डॉट कॉन्फिग’ फाइलीचा उल्लेख नावानिशी करावा, आणि यंत्रावर चालू असलेल्या गाभ्याचा आवृत्ती-क्रमांक सोबत लिहावा.