गेम खेळताना संगणक बंद पडतो?



चिरंजीव गेम खेळायला बसले की वीस मिनिटांत आमचा डेस्कटॉप बंद पडायचा. "बाबा, नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊया ना!" हा हट्ट रोजचाच.

आधी एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये कार्डाचं तापमान पाहिलं. ९० अंश सेल्सिअसच्या वर! संगणक बंद केला, वायर काढली, झाकण उघडलं. कार्डाच्या पंख्यांत कार्पेटची धूळ गच्च बसलेली. कॉम्प्रेस्ड एअरच्या कॅनने ती उडवली. तेव्हा पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भरधाव फिरून बिघडू शकतो.

आता तापमान ७५ वर असतं. धूळ काढूनही कार्ड तापलं, तर थर्मल पेस्ट बदलावी. तापमान ठीक असूनही संगणक बंद पडला, तर पॉवर सप्लाय तपासा. नवीन कार्ड सगळ्यात शेवटी!